आखूड हौद्याची पिकअप

“येऊ द्या… येऊ द्या… आणखी येऊ द्या…”

मी येऊ दिली. आणि मागे धाडकन आवाज झाला.

ब्रेक दाबून मी मान बाहेर काढली. पिकअपच्या मागे एक उंच, चष्मेवाला तरुण दोन्ही हात वर धरून उभा होता, अगदी मघासारखाच. आणि मागच्या चाकाखाली एक सायकल चेपून पडली होती.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो हात हलवायला?” मी खाली उडी मारत विचारलं. “मला दिसत होतं सगळं! तुम्ही मध्ये कडमडला नसतात तर नीट लावली असती मी गाडी!”

“मी मदत करत होतो…”

“ही मदत? आता त्या सायकलवाल्याला काय तोंड दाखवायचं?”

“सायकल माझीच आहे,” तो म्हणाला.

मला हसू फुटणार होतं. पण पुढच्याच क्षणी त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत, गाडीतून उतरणाऱ्या गणपतमामांना विचारलं, “बोला मामा, काय काम काढलंत?”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गणपतमामा आमच्याकडे बांबू बांधायचे, देवमाणूस, पण गाडी चालवत होते मी. काम होतं माझं. आणि हा शहाणा विचारतोय मामांना!

“काम माझं आहे,” मी म्हटलं. “मला विचारा.”

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“विचारतो की. बोला बाई, काय हवंय?”

बाई! माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं!

सत्तावन्न सालची ही गोष्ट. लालबाग-परळच्या भिंती गेरूनं रंगल्या होत्या, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. रोज कुठे ना कुठे सभा, आणि सभा म्हटली की मांडव आलाच. माझे बाबा, सीताराम मांडववाले, लालबागला कोणाला माहीत नव्हते? पण दिवाळीनंतर ते मांडवावरून पडले, कमरेचं हाड मोडलं आणि खाटेला खिळले. तेव्हापासून धंदा मी बघत होते. बाबांनीच मला गाडी शिकवली होती, पडण्याच्या आधी, हौसेनं. लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेली ती पिकअप. इंजिन घोड्यासारखं, पण मागचा हौदा आखूड. खुर्च्या, गाद्या, सतरंज्या मजेत मावायच्या. बांबू मात्र अर्धेअधिक बाहेर लोंबायचे.

म्हणून आम्ही तशाच लष्करी मालातला एक दुचाकी ट्रेलर घेतला. त्याच्या नाकाखाली एक जाडजूड लोखंडी खुंटा होता. तो अडकवायला पिकअपच्या हौद्यात एक चकती बसवावी लागते, घोड्याच्या नालेसारखी, खाच असलेली. गॅरेजवाले तिला पाचवं चाक म्हणतात. चाक कसलं डोंबलाचं, फिरतसुद्धा नाही धड! पण ती चकती नीट निवडली तरच आमची गाडी राहणार होती.

कारण माझे दत्ताराम काका. “चेडवानं गाडी हाकूची? लोक काय म्हणतले?” मुलीनं गाडी चालवायची नाही, हे त्यांचं सकाळ-संध्याकाळचं भजन. त्यांनी शीवला एक गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. गाडी विकायची, पुन्हा हातगाड्या घ्यायच्या, धंदा काकांनी बघायचा आणि मी घरात भाकऱ्या थापायच्या. बाबा दोघांच्या कात्रीत सापडले. शेवटी म्हणाले, “गिरगावच्या वाडीत सभा आसा. तिचा सगळा सामान एका खेपेत, काय मोडल्याशिवाय पोचवलंस, तर गाडी रवतली. नायतर दत्ताराम म्हणता तसा.”

आणि म्हणून मी त्या परळच्या कारखान्यात आले होते. कारखाना त्या चष्मेवाल्याच्या मामाचा. तो स्वतः चिंतामणी, राहणार ठाकुरद्वार, माटुंग्याला इंजिनिअरिंग शिकून आलेला. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

“तीन प्रकार आहेत,” तो म्हणाला. त्यानं मला कोपऱ्यात नेलं, आणि तिथे तीन चकत्या ओळीनं मांडलेल्या होत्या. “ही पहिली कायमची. रिबिटं मारून टाकायची. भक्कम.”

“आणि मग हौद्यात खुर्च्या कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?”

“म्हणून तर दुसरी. चार पिना काढल्या की दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात. हौदा मोकळा. आणि ही तिसरी. हीसुद्धा निघते, पण रुळांवर मागेपुढे सरकते. हौदा आखूड असला की वळताना ट्रेलरचं नाक केबिनवर आदळायची भीती. वळायच्या आधी ही मागे सरकवायची.”

“मग हीच द्या.”

“नको.”

“नको? गाडी तुमची का माझी?”

“तुमची. पण ही रुळांसकट उचलायला पैलवान लागतात. तुम्ही रोज सकाळी काढणार कशी? दुसरी घ्या.”

“आणि वळताना आदळली तर?”

“आदळणार नाही. मी हिशेब करतो.”

“गिरगावातल्या गल्ल्या तुमचा हिशेब बघून रुंद होणार आहेत का?”

तो हसला. असा हसला की मी काय बोलत होते तेच विसरले… आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसरीच हवी म्हणून भांडायला. त्यानंतरही गेले, गेले ती भांडायलाच. गणपतमामा गाडीत बसून तंबाखू मळायचे आणि मिशीत हसायचे. कारखान्यात गेल्या गेल्या समोर चहा यायचा.

“मी येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी एकदा विचारलं.

“तुमच्या हॉर्ननं. नाक्यावरून येतानाच शिव्या देत येतो तो.”

“चहा नको मला.”

“बरं. मग दोन्ही कप मी पितो.”

“ठेवा तो खाली!”

मग एका दुपारी त्यानं मला कारखान्याच्या फरशीवर बसवलं. खडूनं पिकअपचा हौदा आखला, केबिनची मागची रेघ ओढली, खुंट्याच्या जागी एक खिळा ठेवला आणि सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. “धरा घट्ट.” ट्रेलरच्या नाकाचा कोपरा कुठून कुठे फिरतो, त्याचा गोल त्यानं रांगत रांगत आखला. त्याच्या भुवईला खडू लागला होता. तो पुसावा असं माझ्या मनात आलं, आणि मी हात मागे ओढला. सुतळी सुटली.

“सोडलीत?”

“तुम्ही ओढलीत!”

“मी? मी तर…” तो थांबला. आमची डोकी अगदी जवळ आली होती. त्याच्या कपड्यांना ग्रीसचा वास, आणि तरीही… जाऊ दे. त्यानं बोट दाखवलं. खडूचा गोल आणि केबिनची रेघ यांच्यात वीतभर जागा मोकळी राहत होती.

“बघा. काटकोनात वळलात तरी नाक लागत नाही. दुसरी घ्या. माझं ऐका… एकदाच.”

मी ऐकलं. मनातून पटलं नव्हतं, पण वीतभर जागा डोळ्यांना दिसत होती, त्यावर काय बोलणार? दुसरी चकती आमच्या हौद्यात बसली.

सभेच्या दिवशी सकाळी सामान भरलं. हौद्यात चकतीभोवती सतरंज्या, ट्रेलरवर बांबू, कनाती, व्यासपीठाच्या फळ्या. सगळ्यात शेवटी गणपतमामांनी मेढ आणली. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ. लोक ती लग्नात रोवतात. आमच्या घरची रीत अशी, की लग्न असो, बारसं असो की सभा, आंब्याचा डहाळा बांधलेली मेढ आधी रोवायची, मग बाकीचं. मेढ जमिनीवर टेकवायची नाही, मागे लोंबू द्यायची नाही. ती सगळ्यांच्या वर, उजव्या बाजूला, डोकं पुढे करूनच जाते. मामांनी नमस्कार करून ती बांधली.

चिंतामणीही आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

“तुम्ही कशाला?” मी विचारलं.

“चकती नीट बसलीय का बघायला.”

“ती मागे आहे. तुम्ही पुढे येऊन बसलात.”

“मागे मामा आहेत ना.”

मामा ट्रेलरवर बांबूंच्या ढिगावर बसून बिडी ओढत होते. मी गाडी काढली. चिंचपोकळी गेली, भायखळा गेलं. ट्रेलर कसा सुतासारखा मागून येत होता! खोटं कशाला बोलू, मी मनातून हरखले होते. पण शेजारी बसलेला माणूस समोर बघतच नव्हता.

“रस्त्याकडे बघा ना,” मी म्हणाले.

“रस्ता तुम्ही बघताय. दोघांनी बघून काय करायचं?”

“मग माझ्याकडे बघून काय मिळतंय?”

“ते…” तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर तोंड केलं. कान मात्र लाल झाले होते.

वाडीच्या तोंडाशी दत्ताराम काका आधीच येऊन उभे, छत्रीवर दोन्ही हात टेकून. माझ्या चुकीचीच वाट बघत असल्यासारखे. गल्ली उजवीकडे, अरुंद, दोन्ही बाजूंना पायऱ्या. मी चाक पूर्ण उजवीकडे फिरवलं. ट्रेलरचं नाक आलं… जवळ आलं… आणि वीतभर लांबच राहिलं. चिंतामणी म्हणाला, “बघा! म्हटलं नव्हतं मी—”

खळ्ळकन मागची काच फुटली. आमच्या दोघांच्या डोक्यांमधून मेढ आत आली, आंब्याच्या डहाळ्यासकट. पानं माझ्या मांडीवर पडली. मेढेचं डोकं समोरच्या काचेपासून बोटभर अंतरावर थांबलं.

“हे काय आहे?” चिंतामणीनं विचारलं.

“मेढ!”

“ती नाकाच्या पुढे का आलीय?”

“मेढ पुढेच असते!”

“मग मला सांगितलं का नाहीत? मी रिकामा ट्रेलर मोजला!”

“मेढ पुढे असते हे सांगावं लागतं? तुम्ही मांडव कधी पाहिला नाही का जन्मात?”

“पाहिला! उभा असलेला!”

बाहेरून काकांचा आवाज आला. “मोडलीस मा काच? मी सांगी होतंय. आता ह्या सगळा सामान हातगाडीन जातला, आणि गाडी उद्या शिवेक.” आणि ते वळून हातगाडीवाल्यांना हाका मारायला निघालेसुद्धा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते. किती राग आला म्हणून सांगू! काकांचा, त्या मेल्या वीतभर जागेचा, शेजारच्या इस्त्रीच्या शर्टवाल्याचा. आणि सगळ्यात जास्त माझा. सुतळी धरून बसले होते, पण मेढ काही आठवली नाही. लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट सांगायची कशी सुचणार?

“रडू नका,” चिंतामणी हळूच म्हणाला.

“कोण रडतंय? उतरा खाली! ट्रेलरचं चाक पायरीला अडलंय, तो आत जात नाही ना? मग राहू दे इथेच. चकती काढा. हौदा तर मोकळा होतो ना तुमच्या त्या दुसऱ्या प्रकारानं?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “होतो!”

मामांनी मेढ सोडवून खांद्यावर घेतली. वाडीतली माणसं सभेच्या तयारीसाठी बाहेर आलीच होती, त्यांनी तिला खांदा दिला, जमिनीला टेकू दिली नाही. ट्रेलरचे पाय खाली टेकवून मी गाडी खालून काढली. चिंतामणी इस्त्रीच्या शर्टानिशी हौद्यात चढला, पिना उपटल्या, आणि एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, अशी ती चकती आम्ही उचलून पायरीवर ठेवली. सतरंज्या उतरवल्या, हौद्याचं मागचं फळकूट पाडलं, बांबू चढवले. ते बाहेर लोंबले तर लोंबले, गल्लीपुरतं कोण बघतंय! मी तोंड बाहेर काढून गाडी आत नेली, रिकामी करून उलटी आणली, पुन्हा भरली. काका हातगाड्या घेऊन आले तेव्हा ट्रेलरवर काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. बाबा व्हिक्टोरियातून आले होते, कमरेला पट्टा बांधून, उशीला टेकून. मेढ रोवायला घरातला कर्ता लागतो, म्हणून.

काका धावलेच. काच फुटली, खेपा झाल्या, चेडू ओरडता काय, परक्या पुरुषासोबत लोखंड उचलता काय… एकही गोष्ट ठेवली नाही त्यांनी.

चिंतामणी पुढे झाला. “चूक माझी आहे. मोजमाप मी केलं. यांचा काही दोष नाही. काच मी बसवून देतो.”

झालं! मी इतका वेळ कसंबसं धरून ठेवलेलं तोंड सुटलं.

“तुम्हाला कोणी विचारलं? माझा दोष नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? मेढ तुम्हाला माहीत नव्हती, ती सांगायची मी विसरले. निम्मी चूक माझी आहे आणि ती मी कोणाला देणार नाही! आणि काका, सामान कोणी पोचवलं हो आत? तुमच्या हातगाड्यांनी? बाबा, काच फुटली. खेपा झाल्या. तुम्ही म्हणालात तसं नाही जमलं मला. पण गाडी विकायची असेल तर मांडव उभा झाल्यावर विका. आत्ता मला वेळ नाही!”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग आत, चौकात रचलेल्या सामानाकडे बघितलं.

“सामान येळेर इला मा?” त्यांनी मामांना विचारलं.

“इला तर!”

“मगे मेढ रोवया.” काका सदऱ्याच्या बाह्या वर करत पुढे झाले. बाबा म्हणाले, “तू नको, दत्ताराम. बकुळा, ये गो.”

“बाईमाणसान?” काका ओरडले. “मेढ घरचो कर्तो रोयता!”

“तांच सांगतंय तुका,” बाबा म्हणाले.

मी पुढे झाले. खड्ड्यात मेढ उभी केली, माती लोटली, पाणी घातलं. बाबांनी व्हिक्टोरियातूनच हात जोडले. काकांनी छत्री उचलली आणि हातगाडीवाल्यांना परत पाठवलं. गाडीचं नाव त्यानंतर त्यांनी कधी काढलं नाही.

संध्याकाळी सभा भरली. चौक माणसांनी फुलला होता. व्यासपीठावर कोणीतरी खणखणीत बोलत होतं, आणि घोषणांनी खिडक्यांची तावदानं थरथरत होती. मी गल्लीच्या तोंडाशी पिकअपमध्ये बसून सीटवरच्या काचा वेचत होते. चिंतामणी दुसऱ्या बाजूनं आला आणि तोही वेचायला लागला. त्याचा शर्ट काळाकुट्ट झाला होता.

“बकुळा,” तो म्हणाला. बाई नाही. बकुळा.

“काय?”

“उद्या तुमच्या बाबांना भेटायला येऊ का?”

“कंबर बघायला?”

“नाही… म्हणजे कंबर पण बघेन… पण मला त्यांच्याशी बोलायचं होतं. तुमच्याबद्दल.”

माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि त्याच वेळी असा संताप आला की काय सांगू. “माझ्याबद्दल बाबांशी? मी समोर बसलेय, दिसत नाही का? माझ्याबद्दल जे काय आहे ते माझ्याशी बोला!”

त्यानं हातातल्या काचा खाली ठेवल्या. चष्मा काढला, पुसायला गेला, शर्ट बघितला, तसाच परत लावला.

“तुम्ही भांडायला आला नाहीत त्या दिवशी,” तो म्हणाला, “एकदाच आला नव्हतात… मला काम सुचलं नाही. माझा मामा विचारायला लागला, ताप आलाय का. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला… चालेल का?”

मी ओंजळीतल्या काचा बाहेर टाकल्या.

“एक अट आहे,” मी म्हटलं. “लग्नानंतरही गाडी मीच चालवणार. कोणी काही बोललं तरी.”

“तुम्हीच चालवायची. मला कुठे येते?”

“काय येत नाही?”

“गाडी चालवायला.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. “तुम्हाला गाडी… चालवता… येत नाही?”

“दुरुस्त करता येते.”

“आणि वळायचं कसं ते मला सांगत होतात? फरशीवर बसवून? सुतळी धरायला लावून? अहो, लाज कशी नाही वाटली! कधी चाक हातात न घेतलेला माणूस, आणि मी त्याचं ऐकलं! उतरा. नाही, उतरू नका. इकडे या. या इकडे, चाकामागे बसा.”

“आत्ता?”

“आत्ताच्या आत्ता! मला असला नवरा चालायचा नाही.”

तो घाबरून चाकामागे सरकला. मी पलीकडून त्याच्याजवळ बसले, त्याचा हात धरला आणि गियरच्या दांड्यावर ठेवला. तो हात थंडगार पडला होता. मी सोडला नाही.

“डावा पाय. क्लच दाबा,” मी म्हणाले. “आणि हो.”

“हो काय?”

“मघाशी विचारलंत ना? त्याचं उत्तर. आता क्लच दाबा!”

त्यानं ब्रेक दाबला.